गल्लीत परदेशी विनोदी लघुपटांची संध्याकाळ करायची आहे, कोणते दाखवू?

शहापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची गल्ली बेळगावच्या शहापुरात. अर्धी घरं मराठी, अर्धी कन्नड, दोन-तीन कोंकणी आणि कोपऱ्यावर एक दख्खनी बोलणारं घर. गणपती सगळ्यांचा एक. पण एरवी कार्यक्रम ठरवायचा म्हटलं की अडतं. मराठी एकांकिका ठेवली की समोरच्या काकू पंधरा मिनिटांनी हळूच उठून जातात. कन्नड गाण्यांची संध्याकाळ ठेवली की आमचे आबा खुर्चीतच डुलक्या घेतात. दोघांचंही चुकत नाही. कळत नसेल तिथं माणूस किती वेळ हसरा चेहरा करून बसणार?

गेल्या महिन्यात लेकीनं मोबाईलवर चॅप्लिनचा एक तुकडा लावला होता. जहाज डुलतंय, हा कठड्यावरून बाहेर वाकलाय, पाय झाडतोय, आपल्याला वाटतं बिचाऱ्याला मळमळतंय. मग तो वळतो तर हातात मासा! गळ टाकून बसला होता. आबा तर हसलेच, पण पलीकडच्या कट्ट्यावरच्या अज्जीसुद्धा मान लांब करून बघत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. इतकी वर्षं समोरासमोर राहतात, पण त्या दोघांना एकाच गोष्टीवर एकाच क्षणी हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तेव्हापासून डोक्यात आहे की निरनिराळ्या देशांतले, शब्दांवाचून कळणारे विनोदी लघुपट आणून गल्लीत एक संध्याकाळ करायची. दीड तास, मध्ये चहा-भजी. पडदा दोन माड्यांच्या मध्ये बांधू. प्रेक्षक पाच वर्षांपासून ऐंशीपर्यंत. खाली पळणारी अक्षरं वाचायला लागू नयेत आणि कुणाला मान खाली घालावी लागू नये, एवढ्याच अटी. काय दाखवू आणि कोणत्या क्रमानं? कुणी असं काही केलंय का?

---

खानापूरचा_पाऊस

चॅप्लिन लाव की. इचारूलास काय त्यात!

---

पहिलं_रेल्वेगेट

छान कल्पना. नुसता चॅप्लिन लावला तर एकाच वाटीतलं जेवण होईल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सुरुवात अगदी मुळापासून करा. ल्यूमिएर बंधूंचा 'लारोझर अरोझे', १८९५चा. पॅरिसच्या ग्राँ काफेमध्ये २८ डिसेंबर १८९५ला त्यांचा जो पहिला तिकिटाचा खेळ झाला, त्यात हा होता. जेमतेम पाऊण मिनिटाचा. माळी नळीनं पाणी घालतोय, मागून पोरगा येऊन नळीवर पाय देतो, पाणी बंद. माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय उचलतो. संपलं! मग माळी पोराला धरतो आणि बदडतो. सिनेमातला रचलेला पहिला विनोद बहुतेक हाच. गंमत म्हणजे आपल्याकडे दर उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की प्रत्येक गल्लीत हा प्रयोग होतो.

दुसरा, बस्टर कीटनचा 'वन वीक', १९२०. नव्या जोडप्याला लग्नात घर भेट मिळतं, पण खोक्यांमधून, सुटं. आकड्यांप्रमाणे जोडायचं. मुलीवर डोळा असलेला एक जण खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. मग जे घर उभं राहतं ते बघाच. भिंती तिरक्या, वादळात सगळं घर भिंगरीसारखं फिरतं. या सगळ्यात कीटनच्या चेहऱ्यावर एक रेषा हलत नाही. शेवटी आगगाडी येते एवढंच सांगतो, पुढचं सांगत नाही. आमच्या टिळकवाडीची माणसं अर्धं आयुष्य गेट पडल्यावर थांबण्यात घालवतात, त्यांना तो शेवट जरा जास्तच कळेल.

तिसरा, लॉरेल-हार्डीचा 'द म्यूझिक बॉक्स', १९३२. एक पियानो, एक लांबलचक जिना आणि हे दोघे. विनोदी लघुपटांसाठी ऑस्करचा वेगळा विभाग त्याच सुमारास सुरू झाला, त्यातला पहिला पुरस्कार याला. यात इंग्रजी संवाद आहेत, पण आवाज बंद करून पाहिलात तरी काही अडत नाही. लॉस एंजेलिसमधला तो १३३ पायऱ्यांचा जिना आजही आहे.

---

चिकोडी_लाईन

टॉम अँड जेरी विसरलात सगळे! तेपण लघुपटच की. टीव्हीसाठी नव्हते ते, १९४० पासून थिएटरात मोठ्या चित्रपटाआधी दाखवायला केलेले. सात ऑस्कर आहेत त्यांना. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही अर्धवट येतात, पण टॉमच्या शेपटीवर इस्त्री पडली की तिन्ही भाषांत हसतो.

---

मास्तर_निपाणी

धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे म्हणूनच मनापासून विरोध नोंदवतो.

विनोद भाषेत असतो. पाय घसरून पडणं, तोंडावर पाणी उडणं ही धडपड झाली. तिला हसू येतं, पण ते गुदगुल्यांचं हसू. आपल्या बेळगावची गोष्ट घ्या. पु. ल. इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते आणि 'गणगोत'मधले त्यांचे रावसाहेब म्हणजे इथले कृष्णराव हरिहर. त्या रावसाहेबांचा सगळा गोडवा त्यांच्या भाषेत आहे. मराठी आणि कन्नड एकाच पाट्यावर वाटलेली ती भाषा. ती मूकपटात कशी आणणार? आपल्या दोन्ही भाषांच्या सीमेवर इतका रसाळ विनोद पिकलेला असताना सगळ्यांना समजावं म्हणून सगळ्यांचीच भाषा काढून घ्यायची, हे मला पटत नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. पोरं एकमेकांची भाषा शिकली ती एकमेकांच्या चेष्टेतूनच.

---

वडगावची_अक्का

मास्तर, तुमचं म्हणणं पटतं, पण माझं ऐका. मी माहेरची मराठी, सासर कन्नड. पंचवीस वर्षं झाली. आज मी दोन्हीकडचे विनोद सांगते. पण पहिली दोन वर्षं? सगळं घर जेवताना हसायचं आणि मी ताटाकडे बघत बसायची. कुणी समजावून सांगितलं की तोवर त्यातला जीव गेलेला. सासूबाई म्हणायच्या, "नगरी, नगरी", म्हणजे हसा की हो. कशावर हसू?

आम्ही दोघी पहिल्यांदा खरं एकत्र हसलो ते मांडे करताना. त्यांनी मांडा हातावर मोठा केला, उलट्या कढईवर टाकायला गेल्या आणि तो सगळा त्यांच्या कोपरावर येऊन बसला. रुमालासारखा. एक शब्द नाही. दोघी खाली बसून हसलो. भाषा त्याच्यानंतर आली, मास्तर. आधी नाही आली.

म्हणून म्हणते, गुदगुल्यांचं हसू कमी समजू नका.

---

खानापूरचा_पाऊस

अक्कांना +१. आणि मांडे कधी करूलासा ते पण कळवा.

---

पेटी_मास्तरांचा_शिष्य

लघुपटांची निवड होईल, पण संगीताचा विचार केलाय का? मूकपट कधीच मुका नव्हता. थिएटरात पियानो, ऑर्गन, कुठं अख्खा वाद्यवृंद असे. आपल्याकडे तबला-पेटी असे. पाट्या आल्या की मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूसही असे. इंटरनेटवरच्या प्रतींना बऱ्याचदा कसलंही संगीत चिकटवलेलं असतं आणि तेच चालू ठेवलं तर कंटाळा येतो.

बेळगाव हे रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव. इथं पेटीवाला मिळणार नाही असं होऊच शकत नाही. एक पेटी, एक ढोलकी बसवा पडद्याच्या बाजूला. दोघांनी आधी दोन-तीन वेळा फिल्म बघून घ्यायची. ढोलकीवाल्याला फक्त एक सांगा, पडण्याच्या आधी थांब. माणूस घसरताना थाप द्यायची नाही, तो जमिनीवर टेकल्यावर द्यायची. त्या अर्ध्या क्षणाच्या शांततेत सगळं हसू असतं.

आणखी एक. जुने मूकपट साधारण सेकंदाला १६ ते १८ चित्रांच्या वेगानं घेतलेले असत. ते २४च्या वेगानं चालवले की माणसं मुंग्यांसारखी पळतात. लोकांना वाटतं मूकपट असाच असतो. नीट वेगाची प्रत शोधा. चॅप्लिनचं चालणं खऱ्या वेगात बघा, त्यात नाच आहे.

---

पहिलं_रेल्वेगेट

पेटीची सूचना फार आवडली. आणि तुमचा थापेचा मुद्दा कीटनला शंभर टक्के लागू.

---

साउंडवाला_कॅम्प

व्यवहाराचं बोलतो. माझा धंदाच हा आहे.

एक, सूर्य मावळल्यावर अर्धा तास जाऊ दे, मगच सुरू कर. उजेड असला की काळा-पांढरा चित्रपट राखाडी दिसतो. दोन, गल्लीत वारा वाहतो. पडदा वरून बांधून सोडला तर शिडासारखा फुगतो आणि चॅप्लिनचं पोट वाढतं. खालच्या काठाला बांबू ओव. तीन, पडद्यामागे काळं कापड लाव, नाहीतर मागच्या घरातला दिवा आरपार येतो. चार, लाईट जाणार हे धरूनच चाल.

कापडासाठी मला विचारू नकोस, शहापूर-वडगावात राहून पांढरं कापड कुठं मिळेल विचारणं म्हणजे गोकाकात करदंट कुठं मिळेल विचारणं.

---

शहापूरकर

हाहा, कापडाची सोय झालीच आहे. शेजारच्या माडीवर यंत्रमाग आहेत, त्यांनी दोन पन्हे जोडून शिवून द्यायचं कबूल केलंय. बाकी सगळं टिपून घेतोय.

मास्तर, तुमचं म्हणणं डोक्यात राहिलंय. उत्तर नाही माझ्याकडे. कार्यक्रमाला या असं मात्र आग्रहाचं निमंत्रण.

---

हक्काचं_बोला

कार्यक्रम फुकट असला तरी गल्लीत सगळ्यांसमोर दाखवायचं म्हणजे हक्कांकडे बघावं लागतं. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. वर सुचवलेले कीटन, लॉरेल-हार्डी, १९१६-१७चे चॅप्लिनचे लघुपट त्या पलीकडचे आहेत. पण पिक्सारचं काही लावणार असाल तर परवानगी काढा. माझ्या मनात 'गेरीज गेम' होता, १९९७चा. म्हातारा बागेत एकटाच दोन्ही बाजूंनी बुद्धिबळ खेळतो आणि स्वतःलाच फसवून जिंकतो. पाचेक मिनिटांत त्या म्हाताऱ्याचा पूर्ण स्वभाव. आपल्या आबांना घरी नक्की दाखवा.

---

चिकोडी_लाईन

म्हणजे माझा टॉम अर्धा गेला :(

---

हिंडलगा_रोड

माझ्याकडून एकच नाव. 'नेबर्स', कॅनडाचा, नॉर्मन मॅकलॅरन, १९५२. आठ मिनिटं.

दोन शेजारी खुर्च्या टाकून पेपर वाचतायत. दोघांच्या घरांच्या बरोबर मध्ये एक फूल उगवतं. दोघंही वेडे होतात त्याच्या वासानं. मग फूल कुणाच्या हद्दीत? मोजणी होते, कुंपण येतं, हाणामारी. खरी माणसं एक-एक चौकट हलवून चित्रित केली आहेत, त्यामुळं ती उभ्याउभ्या गवतावरून घसरत जातात, हवेत तरंगतात. आवाजही मॅकलॅरननं फिल्मच्या काठावर स्वतः आखून तयार केलेला. ऑस्कर मिळालं आणि तेही माहितीपटांच्या विभागात, ही एक मौजच. आपल्या भागात दाखवायला याच्याइतकी योग्य फिल्म जगात नसेल.

---

अनगोळ_नाका

माफ करा हिंडलगा रोड, पण ही नको.

१ नोव्हेंबर १९५६ला आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा माझे वडील मॅट्रिकला होते. त्यांनी शेवटपर्यंत तो दिवस साधा घालवला नाही. आमच्या घरात हद्द हा शब्द हसायचा नाही. समोरच्या कन्नड घरातही त्यांच्या बाजूनं तसंच काही असेल. लोक भजी खात हसायला येणार आणि तुम्ही त्यांना दोन घरांमधली रेघ दाखवणार. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणणारच, ती फिल्म आमच्यावर होती. धागाकर्त्यांना पुढंही त्याच गल्लीत राहायचंय.

---

हिंडलगा_रोड

दुखवायचा हेतू नव्हता. पण सगळ्यांनी एकत्र बसून स्वतःकडे बघून हसावं ही संधी परत मिळणार नाही असं वाटतं.

---

सीमेवरचा_सातारकर

या निमित्तानं १९६६च्या महाजन आयोगाबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण लोकांना

(संपादित)

---

संपादक

सीमाप्रश्नावर इथं वेगळे धागे आहेत, तिथं जरूर लिहा. हा धागा लघुपटांच्या संध्याकाळीचाच राहू दे.

---

वडगावची_अक्का

मी काल रात्री 'नेबर्स' बघितली. अनगोळ नाक्यांच्या भीतीपेक्षा माझं कारण वेगळं आहे. सुरुवातीची तीन मिनिटं फार गोड आहेत, पण पुढं ते दोघं एकमेकांची घरं मोडतात, बायका-पोरांवरसुद्धा जातात. काही प्रतींतून तो भाग पूर्वी कापला होता, नंतर परत जोडला, असं वाचलं. पाच वर्षांची पोरं पुढं सतरंजीवर बसणार. मला नाही वाटत ती त्या रात्री झोपतील. चांगली फिल्म आहे. पण हसायला बोलावून हे दाखवू नये.

---

तंबाखू_वखार

अवांतर होतंय, पण राहवत नाही. निपाणीला जत्रेच्या वेळी तंबूतला सिनेमा यायचा तेव्हाची गोष्ट. आम्ही पोरं पैसे वाचवायला पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. तिथनं चित्र उलटं दिसायचं. पाट्या उलट्या, डावा हात उजवा. मारामारीत हिरो डाव्या हातानं मारायचा. कुस्तीची सवय असलेले आमचे चुलते म्हणायचे, हा गडी डावखुरा हाय, जपून. कितीतरी वर्षांनी एक चित्रपट पुढनं बघितला तेव्हा कळलं गडी उजवाच होता.

विनोदी असला की मागच्या बाजूला जास्त मजा यायची. पडदा पातळ असायचा, पुढं बसलेल्यांचे हसरे चेहरे चित्रातनंच दिसायचे. शहापूरकर, तुमच्या पडद्यामागं काळं कापड लावायला सांगितलंय, पण थोडी जागा सोडा पोरांना.

---

पाटी_पेन्सिल

मास्तरांना शब्दांवाचूनचा विनोद पटत नाही, त्या मुद्द्यावर थोडं. आपले दादासाहेब फाळकेही हेच करत होते. 'मोहिनी भस्मासुर'बरोबर 'पीठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्म त्यांनी जोडीला केली होती. नंतर 'आगकाड्यांची मौज', काड्या हलवून केलेली. म्हणजे मोठ्या चित्रपटासोबत लहान हसरी फिल्म ही पद्धत मराठी माणसाला पहिल्यापासून ठाऊक. आणि आपल्याला शब्दांशिवायचा मोठा चित्रपटही परका नाही. सिंगीतम श्रीनिवास रावांचा 'पुष्पक विमान' १९८७चा, सगळा बंगळुरात घडतो, आणि तो सगळ्या देशानं पाहिला तो संवाद नव्हते म्हणूनच.

---

टपालवाडी

झाक ताती सुचवायचा राहिला सगळ्यांचा. 'लेकोल दे फाक्तर', १९४७च्या आसपासचा, फ्रेंच. खेड्यातल्या पोस्टमनची गोष्ट. सुरुवातीला तीन पोस्टमन जागेवर पक्क्या केलेल्या सायकलींवर बसून पत्र द्यायची कवायत करतात, सेकंद वाचवायला. मी खात्यात होतो. असं प्रशिक्षण कुणी घेतलं नाही माझं, पण घेणारे साहेब भेटलेत.

---

शहापूरकर

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं.

आधी 'लारोझर अरोझे'. मग चॅप्लिनचा 'द इमिग्रंट' (१९१७), ज्याच्यामुळं हे सगळं सुरू झालं. मग ताती. चहा-भजी. मग 'म्यूझिक बॉक्स' आणि शेवटी 'वन वीक'. साधारण दीड तास. पेटी अनगोळहून येणार आहे, ढोलकी आमच्याच गल्लीतली. मधल्या पाट्या दोन पोरं मोठ्यानं वाचणार, एक मराठीत, एक कन्नडमध्ये.

'नेबर्स' ठेवली नाही. अक्कांचं कारण पटलं. अनगोळ नाक्यांचं कारणही समजलं. येत्या शनिवारी, साडेसात.

---

खानापूरचा_पाऊस

भज्यात मिरची खानापुरी नको, पोरं हाईत.

---

साउंडवाला_कॅम्प

बांबू ओवला का ते कळव.

---

शहापूरकर

झाला कार्यक्रम! दोन दिवस लिहायला वेळ मिळाला नाही, क्षमा करा. नीट सांगतो.

बांबू ओवला होता. तरी दोनदा पडदा फुगला आणि दोन्ही वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माळ्याची फिल्म पाऊण मिनिटात संपली आणि क्षणभर सगळे गप्प. मग पुढच्या सतरंजीवरून एक पोरगं ओरडलं, "इन्नोंदसल!" म्हणजे अजून एकदा. लगेच आमची पोरं, "परत लावा!" तीन वेळा लावली. तिसऱ्यांदा तर माळी डोकावायच्या आधीच सगळी गल्ली "ओऽऽ" करत होती. एकशे तीसएक वर्षांपूर्वीचा विनोद आणि तो कुठंही शिळा झालेला नव्हता. पहिलं रेल्वेगेट, तुमचे पाय धरायला हवेत.

'इमिग्रंट'मधल्या माशाला अपेक्षेप्रमाणे हशा. पण मला माहीत नव्हतं ते हे, की जेवणाच्या दुकानातला भाग लोकांना जास्त लागला. खिशात पैसे नाहीत, समोर तो अवाढव्य वेटर, कमी पैसे दिलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यानं नुकतंच बडवलेलं. चॅप्लिनच्या पायाशी पडलेलं नाणं, त्याच्यावर पाय ठेवायची धडपड. तिथं हसू वेगळं होतं. खालच्या आवाजातलं. आमच्या गल्लीत खिसा चाचपून हॉटेलात बसलेली माणसं पुष्कळ आहेत.

पाट्या वाचणाऱ्या पोरांनी दोन मिनिटांत अदलाबदल केली. मराठी पोरगी कन्नडमध्ये वाचायला लागली, कन्नड पोरगा मराठीत, आणि एकमेकांचे उच्चार दुरुस्त करत बसले. पाट्यांपेक्षा त्यांचंच लोक जास्त ऐकत होते.

तातीला थोडं कमी हसले, खोटं कशाला सांगू. मधलं फ्रेंच बोलणं कानाला अडखळत होतं आणि पेटीवाल्यांनाही तिथं काय वाजवावं कळेना. एकटे टपालवाडी काका मात्र सायकलच्या कवायतीला उठून उभे राहिले. कुठल्या साहेबाचं नाव घेऊन हसत होते ते इथं लिहीत नाही.

भजी संपली. पुरली नाहीत.

'म्यूझिक बॉक्स'चा इंग्रजी आवाज बारीक ठेवला होता. जिना, पियानो खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. वर पोचल्यावर पोस्टमन त्यांना सांगतो की पलीकडून गाडीचा रस्ता आहे, आणि हे दोघे पियानो परत खाली नेतात, रस्त्यानं वर आणायला! तिथं माझ्या मागच्या काकू, ज्या मराठी एकांकिकेतून उठून जातात त्याच, इतक्या हसल्या की शेजारच्या बाईचा दंड धरून हलवत होत्या. ती बाई म्हणजे माझी आई. दंडावर वळ उठला होता, आई दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कौतुकानं दाखवत होती.

आणि 'वन वीक'. घर वादळात गरगर फिरतंय, ढोलकी टिपेला, आणि लाईट गेली. गल्लीतली, रस्त्यावरची, सगळी. साउंडवाले, तुम्ही सांगितलं होतं, आम्ही इन्व्हर्टर आणला होता, त्याची वायरच सैल निघाली. वीस मिनिटं अंधार. पण पेटी थांबली नाही. पेटीला कुठं लाईट लागते? त्यांनी अंधारातच भैरवीकडं वळवलं, मग एकानं अभंग धरला, मग कुणीतरी पुरंदरदासांचं पद. लोक बसून राहिले. काही म्हातारी माणसं मात्र गोळ्या घ्यायला आत गेली ती परत आली नाहीत.

लाईट आल्यावर उरलेला भाग दाखवला. रेल्वेगेट, शेवटाला जो आवाज झाला तो तुमच्या टिळकवाडीपर्यंत आला असेल.

---

पहिलं_रेल्वेगेट

वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

---

पेटी_मास्तरांचा_शिष्य

ढोलकीवाल्यानं थाप थांबवून दिली का?

---

शहापूरकर

पहिल्या दोन पडण्यांना नाही. तिसऱ्यापासून दिली. हशा दुप्पट झाला, मग त्याला सांगावंच लागलं नाही.

---

अनगोळ_नाका

आलो होतो, मागं उभा होतो. छान झालं. घरी जाऊन ती 'नेबर्स'ही बघितली, एकटाच, दोनदा. सुरुवातीला दोघांच्या हातातले पेपर आहेत ना, एकात छापलंय शांतता झाली नाही तर युद्ध अटळ, दुसऱ्यात युद्ध झालं नाही तर शांतता अटळ. त्याला हसू आलं हे खरं. गल्लीत नको हे माझं मत तेच आहे. पण हिंडलगा रोड, कधी घरी या, बसून बोलू.

---

हिंडलगा_रोड

नक्की येतो काका. रविवारी?

---

मास्तर_निपाणी

मीही आलो होतो, शेवटच्या रांगेत.

मूळ प्रश्नाकडे येतो. विनोद भाषेत असतो हे मी अजूनही म्हणतो. पण त्या रात्री बसस्टँडकडं चालताना पुढं दोन कॉलेजची पोरं होती. एक दुसऱ्याला पियानोची गोष्ट परत सांगत होता, मराठीत सुरू केली, कन्नडमध्ये गेला, मध्ये "अय्यय्यो" म्हणत जिना उतरून दाखवला, परत मराठीत आला. दुसरा त्याला दुरुस्त करत होता. रावसाहेबांची भाषा अशीच तयार झाली असेल. मी त्यांच्या मागून हळू चाललो, बस चुकली.

अक्का, तुमचं मांड्याचं उदाहरण मी वर्गात वापरीन, परवानगी द्या.

---

वडगावची_अक्का

परवानगी कसली मास्तर, घरी या, मांडेच करते.

---

शहापूरकर

शेवटचं एक सांगतो, मग धागा सोडतो.

समोरच्या अज्जी लाईट गेल्यावर बीपीची गोळी घ्यायला आत गेल्या आणि झोपून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दारात चहा पीत होते. अज्जी कट्ट्यावर आल्या आणि थेट आबांना विचारलं, "आ मनी एनात री?" त्या घराचं काय झालं?

आबांनी कप खाली ठेवला. आपली एक चप्पल पायरीवर आडवी ठेवली, ते घर. बोटानं दोन रूळ काढले. मग दुसरी चप्पल हातात घेऊन लांबून आणली, "ट्रेन बंतु... ट्रेन बंतु..." अज्जींनी तोंडावर हात घेतला. चप्पल घराच्या शेजारून निघून गेली. अज्जींनी सुस्कारा सोडला.

तेव्हा आबांनी बोट हलवलं. "ई कडिंद अल्ल री," ते म्हणाले, आणि कप उचलून दुसऱ्या बाजूनं आणला. "आ कडिंद!"

चहा सांडला सगळा पायरीवर.